माझ्याऐवजी बॅटिंग

मला बॅटिंग येत नाही. आता मी हे असं सरळ लिहिते आहे, पण स्वतःच्या तोंडाने कबूल करायला मला वीसेक वर्षं लागली. आणि अजूनही दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

खेळ सॉफ्टबॉल. आपल्याकडे नाव सांगितलं की लोकांना वाटतं मऊ बॉलने खेळायचा मुलींचा काहीतरी खेळ. मऊबिऊ काही नसतो. माझ्या डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे, ती बघा आणि मग बोला. बेसबॉलची धाकटी बहीण म्हणा हवं तर: चार बेस, एक पिचर, बॅट मारायची आणि पळायचं. मी शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहायचं. बहुतेक मुली उजव्या हाताच्या, त्यांनी मारलेला बॉल सरपटत नेमका तिथेच येतो. तो अडवायचा, उचलायचा आणि मारणारी पळत पहिल्या बेसला पोचायच्या आत तिथे फेकायचा. सगळं मिळून तीन सेकंदांचं काम. ते मला येतं. उगाच विनय कशाला, फार चांगलं येतं.

ते आलं लहानपणीच्या जळगावच्या मैदानामुळे. मैदान कसलं, कुणीतरी खडी टाकून विसरून गेलेली जागा. प्रॅक्टिसच्या आधी दहा मिनिटं आम्ही घमेल्यात दगड वेचायचो आणि तरी उरायचेच. बॉल कधी कानाकडे उसळेल, कधी नडगीवर बसेल, नेम नसायचा. सोळा मुली, सात ग्लोव्ह आणि चांगली बॅट एकच. ती बॅट आम्हाला शिकवणारे सर रोज स्वतःच्या घरी घेऊन जायचे, कपाटात ठेवायचे, आणि आणली की मोठे फटके मारणाऱ्या चौघींच्या हातात द्यायचे. मोडली तर दुसरी कुठून आणणार, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. मी मागितली की म्हणायचे, तुला काय करायचीय बॅट, तू आपली अडव. प्रॅक्टिस संपता संपता मला सहा बॉल मिळायचे, तेही टेप गुंडाळलेल्या जुन्या बॅटने, आणि टाकणारी मुलगी तोपर्यंत घरी जायच्या घाईत असायची. सहा बॉलमध्ये कुणाचं भलं होतं?

राज्याच्या टीममध्ये निवड झाली ती फिल्डिंगवर. आणि तिथे मी पहिल्यांदा फ्लेक्स झाले. हा शब्द समजावून सांगायलाच हवा, कारण माझं सगळं आयुष्य त्यात अडकलं आहे. मैदानात नऊ जणी असतात, पण टीमला वाटलं तर त्यातल्या एकीच्या वाट्याची बॅटिंग दहावी कुणीतरी करू शकते. जी फक्त फिल्डिंग करते ती फ्लेक्स. तिचं नाव यादीत दहाव्या नंबरला, सगळ्यात खाली. तिच्याऐवजी जी बॅट घेते तिला डीपी म्हणतात. फ्लेक्सला कधी बॅटिंग करायचीच असेल तर एकच रस्ता: डीपीला बाहेर बसवायचं आणि तिच्या जागी जायचं. बाहेर कोण बसवणार? मारणारीला बसवून न मारणारीला पाठवायला कोच काय वेडे असतात?

राज्याच्या टीममध्ये धुळ्याची एक उंच मुलगी माझ्याऐवजी बॅटिंग करायची. तिने एकदा होमरन मारला तेव्हा पेपरात तिचा फोटो आला. त्या फोटोत मागे डावीकडे माझी अर्धी पाठ आहे. आईने ते कात्रण कित्येक वर्षं ठेवलं होतं आणि आल्यागेल्याला दाखवायची, ही बघा आमची. लोक त्या धुळ्याच्या मुलीकडे बघून म्हणायचे, छान, उंची चांगली आहे.

मग लग्न, पुणे, मुलगी, आणि नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूर. ग्लोव्ह मी सामानात टाकला होता, का ते माहीत नाही. इथे मलाही पाया लेबारला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. ऑफिसातली एक फिलिपिनो मैत्रीण रविवारी सॉफ्टबॉल खेळायची. जेवताना सहज बोलता बोलता मी म्हटलं, मी पण खेळायचे. पुढच्या रविवारी तिने मला ओढून नेलं.

आमच्या क्लबची कोच साठी ओलांडलेली चिनी बाई, शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली. बोलणं कमी आणि टोपी मोठी. सगळ्या तिला नुसतं कोच म्हणतात. पहिल्या दिवशी तिने मला शॉर्टस्टॉपला उभं केलं आणि एकामागून एक बॉल जमिनीवरून मारत सुटली. इथलं मैदान कसं, लाल माती चाळून टाकलेली, एक खडा नाही. मला तर गादीवर खेळल्यासारखं वाटलं. एकही बॉल सुटला नाही. कोचने टोपी वर केली आणि विचारलं, इतकी वर्षं कुठे होतीस? त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते. पुढच्या रविवारी तिने माझी बॅटिंग बघितली. दहा बॉल बघितले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि चौथ्या मॅचपासून मी यादीत दहावी. पुढची अकरा वर्षं मी तिथेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? खेळायला मिळतंय ना? माझा नवराही हेच म्हणतो. त्याला मी काय डोंबल समजावणार. सेरंगूनला एका मित्राच्या कॉन्डोत दरवर्षी आम्हा मराठी लोकांचा गणपती असतो. तिथे आरती झाली, पानं वाढली की कुणीतरी विचारतंच, काय मग, किती रन काढल्या यंदा? मी सांगते, मी बॅटिंग करत नाही. मग तो चेहरा होतो. अच्छा, म्हणजे एक्स्ट्रा प्लेअर का? एक्स्ट्रा! प्रत्येक मॅचमध्ये फिल्डिंगचं प्रत्येक मिनिट मी मैदानात उभी असते, आणि हा माणूस हातात मोदक धरून मला एक्स्ट्रा म्हणतो. तिडीक जाते डोक्यात. पण देवासमोर बोलायचं काय, म्हणून मी त्याला अजून एक मोदक वाढते.

स्कोअरबुकाचंही तेच. माझ्या हातून बॉल सुटला तर माझ्या नावावर चूक लागते, लाल पेनाने. अडवला तर समोरच्या बॅटरच्या रकान्यात दोन बारीक आकडे, कुणाच्या डोळ्यांत न भरणारे. बॉल मारून मारणारी सुखरूप बेसला पोचली तर ती हिट; जी हिट झालीच नाही ती कुठे लिहायची? माझ्या कामातही असंच. प्रॉडक्टमध्ये चूक राहिली तर टेस्टर कोण होती म्हणून शोधतात. राहिली नाही तर डेव्हलपरचं अभिनंदन. मी घरी येऊन हे सांगितलं की नवरा म्हणतो, तू नोकरी आणि खेळ दोन्ही एकसारखेच निवडलेस, तक्रार कुणाकडे करतेस? त्याचं म्हणणं खरं आहे म्हणून तर जास्त राग येतो.

माझी मुलगी आता अठरा वर्षांची आहे, पॉलिटेक्निकला जाते. शाळेत तिने सॉफ्टबॉल घेतला तेव्हा मी साखर वाटायचीच बाकी ठेवली होती. वुडलँड्सला आमच्या बिल्डिंगखाली, बॉल खेळू नये अशा पाटीच्या समोरच, मी तिला भिंतीवर बॉल मारून उचलायला शिकवायची. गुडघे वाक, हात मऊ ठेव, बॉलला घरात येऊ दे. खालच्या मजल्यावरच्या आंटी येऊन ओरडल्या की आम्ही दोघी सॉरी म्हणायचो आणि त्या आत गेल्या की परत सुरू. मुलगी करायची सगळं, पण तोंड एवढंसं करून. तिला कंटाळा यायचा. आणि मग एके दिवशी शाळेच्या मॅचमध्ये तिने बॅट फिरवली आणि बॉल कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर. माझ्या पोटी हिटर! मी टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, बाजूच्या पालकांना मिठी मारली, सगळं केलं. पण बसमध्ये बसल्यावर आत कुठेतरी काहीतरी टोचत होतं. आईने असं लिहू नये, पण टोचत होतं.

पंधराव्या वर्षी ती आमच्या क्लबात आली. कोचने तिची बॅटिंग बघितली, फिल्डिंग बघितली, आणि वहीत दोन नावांच्या मध्ये एक रेघ ओढली. माझी मुलगी माझी डीपी. ती चौथ्या नंबरला बॅटिंग करणार, माझ्याऐवजी, आणि मी फिल्डिंग करणार. क्लबातल्या सगळ्यांना याचं केवढं कौतुक. आई अडवते, मुलगी मारते, हाऊ स्वीट. स्वीट कसलं? मुलगी बाकावर बसून बबल टी पिणार, तिची पाळी आली की उठून दोन फटके मारणार, सगळ्या तिच्या गळ्यात पडणार. आणि मी उन्हात लाल मातीत घोटे मोडणार. एकदा घरी मी हे बोलून दाखवलं. तर इथल्या पोरांसारखं शेवटी लाह जोडून म्हणते, "आई, यू डू युवर पार्ट, आय डू माय पार्ट, सिंपल लाह." मी तिला म्हटलं, सिंपल तुझ्यासाठी. त्यावर तिने कानात इअरफोन घातले.

मी वाईट आई आहे का, असं मी स्वतःला बरेचदा विचारलं आहे. तिच्या प्रत्येक हिटला मी सगळ्यात मोठ्याने ओरडते, ते खोटं नसतं. पण बाहेरच्या कुणी माझी बॅटिंग केली तर तिच्यावर चिडता येतं. पोटच्या मुलीवर चिडून जायचं कुठे?

या वर्षी गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाला, चालायला काही त्रास नाही, पण हे असं वाकून उठणं बंद करा. मी त्याच्याकडून एक सीझन मागून घेतला. आणि त्याच दिवशी ठरवलं की जायच्या आधी एकदा तरी बॅट घेऊन उभी राहणार. होमरन नको होता. हिटसुद्धा नको होती. फक्त एक टर्न. माझं नाव पुकारलं जावं, मी जाऊन उभी राहावी, आणि जे काय होईल ते माझ्या नावावर लिहिलं जावं. हवं तर आऊट लिहा, पण माझ्यापुढे लिहा.

कोचला मी सीझनच्या सुरुवातीलाच सांगितलं. ती म्हणाली, "सी हाऊ." सिंगापुरात सी हाऊ म्हणजे आपलं बघू, आणि आपलं बघू म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. दर रविवारी मी विचारायची, दर रविवारी ती टोपीखालून सी हाऊ म्हणायची. दरम्यान मी सकाळी लवकर उठून हॉलमध्ये लांब छत्रीने स्विंगचा सराव करायला लागले. एकदा छत्री पंख्याला लागली. मागे वळून बघते तर मुलगी दारात उभी. ती पाणी प्यायली आणि परत झोपायला गेली. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी छत्रीला हात लावला नाही.

होता होता शेवटची मॅच आली. तिसऱ्या नंबरसाठीची. फार मोठं काही नव्हतं, पण जिंकणाऱ्यांना मेडल होतं आणि आमच्या क्लबाला बऱ्याच वर्षांत काही मिळालं नव्हतं. समोर सगळ्या शाळकरी वाटाव्यात अशा पोरी. आम्ही एका रनने मागे. मी त्या दिवशी जे खेळले ते सांगितलंच पाहिजे, कारण दुसरं कुणी सांगणार नाही: आठ बॉल आले, आठही अडवले. त्यातला एक तर पाठीमागे पळत जाऊन, अंग फिरवून. आमच्या मुली बाकावरून ओरडल्या. मुलीने तोपर्यंत दोन हिट मारल्या होत्या.

आम्ही बॅटिंगला आलो आणि वीज पडण्याचा इशारा देणारा सायरन वाजला. आकाश नुसतं राखाडी होतं, पण सायरन वाजला की इथे मैदान सोडायचं म्हणजे सोडायचं. दोन्ही टीम पत्र्याखाली. तासभर गेला. मग अंपायरने दोन्ही कोचना बोलावून सांगितलं की मैदान पुढच्या टीमला द्यायचं आहे, सायरन थांबला की हा डाव पूर्ण करायचा आणि मॅच संपली.

म्हणजे आमची ही शेवटची बॅटिंग. मी उठून कोचकडे गेले. म्हटलं, मला आज टर्न पाहिजे. ही माझी शेवटची मॅच आहे. अकरा वर्षांत मी काही मागितलं नाही. हे शेवटचं वाक्य खोटं होतं, दर रविवारी मागत होते, पण तिने ते सोडून दिलं. तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच सी हाऊ म्हणाली नाही.

"ती जागा तुझ्या मुलीची आहे," ती म्हणाली. "तिला विचारलंस?"

मुलगी दहा पावलांवर बसली होती, डब्यातला उपमा खात. उठून चार शब्द बोलायचे, एवढंच. पण मला ते जमेना. पोटच्या मुलीची परवानगी मागायची? मी माझ्या आईला कधी, आई, तुझी साडी नेसू का, असं विचारलं नाही आणि आईने मला कधी, तुझ्या पगारातून हे घेऊ का, असं विचारलं नाही. आमच्यात घरातल्या माणसाला विचारायची पद्धतच नाही. तिचं ते माझं, माझं ते तिचं. असं मी स्वतःला सांगत होते. पण त्याच्या खाली दुसरी गोष्ट होती आणि तीच खरी होती: तिने नाही म्हटलं असतं तर?

"हो, विचारलं," मी कोचला म्हणाले.

कोच बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली आणि वही उघडली.

सायरन थांबला. आमची नवव्या नंबरची आऊट झाली. पुढचीने हिट मारली, तिच्यानंतरचीला पिचरने बाहेर बॉल टाकले म्हणून फुकट बेस मिळाला. तिसऱ्या नंबरची आऊट झाली, पण तिच्या बॉलवर दोघी पुढे सरकल्या. आता दोन आऊट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमच्या मुली, एका हिटमध्ये मॅच. आणि पाळी माझ्या मुलीची. ती हेल्मेट घालून निघालीच होती. मला वाटलं, कोच आता काही मला पाठवत नाही. खरं सांगते, क्षणभर हायसं वाटलं. मला टर्न हवी होती ती अशी नव्हती, कुठल्यातरी निवांत मॅचमध्ये, पाच रन पुढे असताना. पण कोच अंपायरकडे गेली, बोट दाखवून काहीतरी बोलली, आणि अंपायरने माझा नंबर पुकारला.

मुलगी अर्ध्या वाटेवर थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं. तिच्या कपाळाचा घाम त्याला लागलेला होता. मी टीमची बॅट घ्यायला वाकले तर तिने स्वतःची बॅट पुढे केली, जिला ती कुणाला हात लावू देत नाही. "हात थोडे वर पकड," एवढंच म्हणाली. मला ते टोमण्यासारखं लागलं. मी म्हटलं, मला माहीत आहे.

काही माहीत नव्हतं. पहिला बॉल कधी आला आणि कधी गेला ते कळलं नाही, मी हवेत बॅट फिरवली. दुसरा खूप बाहेर. तिसऱ्याला बॅट नुसती चाटून गेली आणि बॉल मागे जाळीवर. पण तो टप् आवाज हातातून खांद्यापर्यंत आला आणि मला कळलं की हे होऊ शकतं. मी हात वर घेतले. चौथा बॉल आला आणि मी मारला.

असा बॉल मी आयुष्यात मारला नव्हता. खाली, कडक, शॉर्टस्टॉप आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या मोकळ्या जागेतून. मारल्याक्षणी मला कळलं की ही हिट आहे. शॉर्टस्टॉपच्या हाताबाहेरचा बॉल कोणता हे मला कळणार नाही तर कुणाला कळणार? मी पळत सुटले, गुडघा ओरडत होता, तरी पळत होते. आणि पळता पळता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्यांची शॉर्टस्टॉप, केसांच्या दोन वेण्या घातलेली पोर, आधीच दोन पावलं उजवीकडे सरकून उभी होती. माझ्या बॅटचा कोन बघून सरकली असणार. मीही तेच करते. तिने उलट्या हाताने बॉल उचलला, एका पायावर थांबली आणि फेकला. माझ्या पुढे अर्ध्या पावलावर तो पहिल्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये शिरला.

आऊट. मॅच संपली. मेडल गेलं.

मी बेसवर तशीच उभी राहिले. अकरा वर्षं मी बायकांच्या अशा हिट खाल्ल्या आणि त्यांचे पडलेले चेहरे बघून खुश झाले. आणि एकदा, एकदाच मी मारला, तर तिथे माझ्यासारखीच कुणीतरी उभी. "गुड हिट, आंटी," आमच्यातली कुणीतरी म्हणाली. हिट नव्हती ती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आऊट होते, आऊट म्हणा. मुली हात मिळवून आपापल्या पिशव्या भरायला लागल्या. माझ्या मुलीने मारलं असतं तर आत्ता सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या असत्या, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मुलगी बाकाच्या टोकाला बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. मी बॅट तिच्या बाजूला ठेवली. निघून जावंसं वाटत होतं, पण वुडलँड्सपर्यंत आम्ही दोघी एकाच एमआरटी ट्रेनने जाणार होतो, पळून जाणार कुठे. मी उभ्याउभ्याच बोलले.

"मी तुला विचारलं नाही. कोचला खोटं सांगितलं की विचारलं."

"आय नो," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"विचारायला हवं होतं."

ती नाडीशी खेळत राहिली. मग मराठीत बोलली. एरवी मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे मला आधी कळलंच नाही की ती माझ्याशी बोलते आहे.

"मी कोचला मागच्या महिन्यात सांगितलं होतं. लास्ट मॅचमध्ये माझा एक टर्न आईला दे. कोच म्हणाली, ओके, पण आईने तुला येऊन विचारलं पाहिजे. मग मी वेट करत होते."

महिनाभर. चार रविवार ती बाकावर बसून वाट बघत होती की आई येईल आणि विचारेल. आजही ती दहा पावलांवर बसली होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून खोटं बोलले. कोचलाही ते माहीत होतं, म्हणून ती तेवढा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"मग तू सांगितलं का नाहीस मला?" मी विचारलं. आवाज चढला माझा. मी चिडले होते, तिच्यावर नाही, पण समोर तीच होती.

"तू विचारणार होतीस ना," ती म्हणाली, आणि बूट पिशवीत टाकले.

मी तिच्या शेजारी बसले. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं. माझी बॅटिंग आयुष्यभर दुसऱ्या कुणीतरी केली, ते मी सोसलं, त्यावर कुरकुरत का होईना जगले. मागायचं काम तेवढं माझं होतं. तेही माझ्याऐवजी तीच करून आली होती.